बैलाचे वरचे दात

जिज्ञासा भोपी आणि मुकादम यांची पहिली भेट ही चामटोलीच्या इतिहासातली एवढी मोठी घटना आहे की त्या दिवशी नेमकं काय झालं हे आता कोणालाच सांगता येत नाही. सांगतात मात्र सगळे. गावात जे कथन सर्वमान्य आहे त्यानुसार त्या दिवशी ढग नसताना आभाळ गडगडलं, बदलापूरहून येणाऱ्या तीन रिक्षा एकाच वळणावर बंद पडल्या, आणि वासराएवढा, काहींच्या मते घोड्याएवढा, एक पांढरा कुत्रा सत्काराच्या मांडवात मधोमध येऊन उभा राहिला. कुत्र्याची उंची दर वर्षी दोन बोटांनी वाढते. पहिल्या वर्षी तो साध्या कुत्र्याएवढाच होता.

सत्कार जिज्ञासाचा होता. तिला मुंबईच्या पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला होता. नुसता प्रवेशच, शिक्षण अजून सुरू व्हायचं होतं. पण तिचा थोरला भाऊ कमलेश जमिनीच्या दलालीत होता आणि जे अजून झालेलं नाही ते झालंच आहे असं सांगण्याची त्याला धंद्याची सवय होती. त्यानं फाट्यावर वीस फुटी बॅनर लावला: 'डॉक्टर जिज्ञासा जयदेव भोपी यांचे हार्दिक अभिनंदन'. बॅनरवर जिज्ञासाचा फोटो एक होता आणि कमलेशचे दोन.

प्रमुख पाहुण्यांनी शाल उघडली, जिज्ञासाच्या खांद्याच्या दिशेनं नेली, आणि त्या पांढऱ्या कुत्र्यानं शालीचं दुसरं टोक तोंडात धरलं. पाहुण्यांनी आजवर हातात आलेली कुठलीही वस्तू सोडली नव्हती. कुत्र्यानंही नसावी. शाल ताणली गेली. मांडवात दोन तट पडले. निम्मे 'साहेब, सोडू नका!' म्हणून ओरडत होते आणि उरलेले नुसतेच ओरडत होते. त्यांचा पाठिंबा कोणाला होता हे त्यांनी शेवटपर्यंत उघड केलं नाही. अखेर पाहुण्यांनी हात सोडला. कुत्रा शाल ओढत जिज्ञासापाशी आला, ती तिच्या पायांवर टाकली, आणि स्वतः त्या शालीवर बसला.

"घ्या," पाहुणे धापा टाकत म्हणाले, "झाला सत्कार."

त्या दिवसापासून कुत्रा भोप्यांकडे राहिला. गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी खोदकाम चाललं होतं; तिथं तो रोज सकाळी जाऊन उभा राही, खणणाऱ्यांकडे नापसंतीनं बघे आणि दुपारी जेवायला घरी येई. म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ज्या गावानं गुरांच्या डॉक्टरचा एवढ्या थाटात सत्कार केला त्या गावात गुरं उरली नव्हती. जमिनी विकल्या गेल्या, तिथं इमारती आल्या, आणि गोठ्यांमध्ये गाड्या आल्या. जिज्ञासाचे वडील जयदेव यांच्याकडे एके काळी अकरा म्हशी होत्या. आता त्याच गोठ्यात कमलेशची काळी गाडी उभी असे, आणि जयदेव सवयीनं रोज सकाळी उठून तिच्या मागच्या काचेवर थाप मारून येत. म्हशी विकल्या तेव्हा जिज्ञासा सात वर्षांची होती. आई धार काढताना ती शेजारी बसायची. त्यामुळे म्हशीचा आणि तिचा जो काही परिचय होता तो मागच्या बाजूनं होता. पुढच्या बाजूला काय असतं हे बघण्याचा प्रसंग तिच्यावर आला नाही. हे पुढं महागात पडलं.

पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी होती, म्हणजे जनावराच्या शरीराची रचना. कोणत्या हाडाला कुठं खाच आहे, कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठं जातो, आणि या सगळ्यांची लॅटिन नावं. जाण्या-येण्यात रोज साडेपाच तास, कॉलेजात सात. उरलेल्या वेळात जेवण, झोप आणि लॅटिन. अभ्यासाचं जनावर म्हणून कॉलेजनं बैल नेमला होता. घरी बैल नव्हता. मुकादम होता.

तर जिज्ञासानं अ‍ॅनाटॉमी मुकादमवर केली. तो पांढरा होता, आणि पांढऱ्यावर मार्कर चांगला उठतो. सोमवारी खांदा, मंगळवारी पाठ, बुधवारी मांडी. गुरुवारी तिची आई वेणू त्याला आंघोळ घाली, की शुक्रवारपासून नवा धडा. अंगभर आकडे आणि बाण काढलेला कुत्रा गावातून फिरू लागला तेव्हा बबन गवंडी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "हा कुठनं पाडायचा हाय?"

संध्याकाळी ती त्याला फिरायला नेई आणि मोठ्यानं पाठ करी. मुकादमचा स्वभाव सहकाराचा. 'लॅटिसिमस डॉर्साय' म्हटलं की तो आडवा होई. 'ग्लुटियस मेडियस' म्हटलं की बसे. गावातल्या म्हाताऱ्यांचा असा समज झाला की कुत्र्याला इंग्रजी कळतं, आणि पोरगी खरंच शिकते आहे.

एकट्या कमलेशला मुकादम खपत नव्हता. त्याची गिऱ्हाइकं घरी येत, पांढरे बूट आणि हातात फाइल, आणि मुकादमला नेमक्या याच दोन गोष्टींचा तिटकारा होता. त्यानं दोन सौदे मोडले होते. तिसऱ्या वेळी त्यानं अंबरनाथच्या एका बिल्डरच्या फाइलमधून सातबारा काढून ओसरीत ठेवला, आणि उतारा उघडा पडल्यामुळे त्या जमिनीला चौदा वारस आहेत हे बिल्डरला तिथंच कळलं.

"बाबा, आता हा कुत्रा तरी राहील नायतर मी तरी," कमलेश म्हणाला.

जयदेवांनी आधी कुत्र्याकडे बघितलं, मग कमलेशकडे, मग पुन्हा कुत्र्याकडे. त्यांना निवड सोपी वाटत नसावी. शेवटी ते जिज्ञासाला म्हणाले, "हे बघ बाय. तू अभ्यासाला म्हनून कुत्रा ठेवलास. पास झालीस तर र्‍हाऊ दे. एक जरी विषय र्‍हायला तर कुत्रा गेला. मंजूर?"

"मंजूर," जिज्ञासा म्हणाली. मुकादम शेजारी बसून शेपूट आपटत होता. त्याला अटी कळल्या नव्हत्या.

जिज्ञासानं त्या दिवसापासून दुप्पट अभ्यास सुरू केला. इथं पेटीची हकीकत येते.

कॉलेज दर दोन विद्यार्थ्यांत एक पेटी देई. पेटीत बैलाची हाडं: पाय, मणके, फासळ्या आणि अख्खं डोकं. परीक्षेच्या सकाळी ती जशीच्या तशी परत द्यायची, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. जिज्ञासाची जोडीदार होती सोनिया. ती अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहायची, तिचे आईवडील साताऱ्याकडचे, आणि जिवंत जनावर जवळून बघण्याचा तिला मनापासून कंटाळा होता. पाल दिसली की ती खुर्चीवर चढायची. सोनिया सगळं पुस्तकातून करी, पान क्रमांकासकट. पेटी एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे असं ठरलं होतं. अंबरनाथला सोनियाची आई पेटीला प्लास्टिक गुंडाळून गॅलरीत ठेवी आणि वर तुळशीची कुंडी ठेवी. ती तिथं कधी उघडली गेली नाही.

चामटोलीला वेणूबाईंनी पहिल्याच दिवशी उंबऱ्यात हात आडवा केला. "हाडं घरात येनार नाय."

"आई, अभ्यासाची आहेत गं."

"अभ्यासाची असूंदे नायतर लग्नाची असूंदे. गोठ्यात ठेव."

पेटी गोठ्यात गाडीच्या मागं राहिली. कुत्रा असलेल्या घरात हाडांची पेटी गोठ्यात ठेवण्यात काही धोका आहे हे घरातल्या चार शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मुकादमच्या आलं.

परीक्षेला सोळा दिवस उरले असताना जिज्ञासा सकाळी गोठ्यात गेली, तर मुकादम गाडीखाली होता आणि त्याच्या पुढच्या दोन पायांत बैलाचं डोकं होतं. त्यानं काम सावकाश आणि मन लावून केलं होतं. वरच्या जबड्याचं पुढचं टोक कुरतडून साफ झालं होतं. खालचा जबडा पेटीतच होता, त्याला पुढं आठ दात ओळीनं उभे. वर एकही नाही.

"मुकादम! दात कुठंयत?"

मुकादमनं बाहेर येऊन अंग झाडलं.

"थूक! आधी थूक!"

मुकादमनं जांभई दिली. त्याच्या तोंडात दात भरपूर होते, पण सगळे त्याचेच.

तिनं गाडीखाली शोधलं, मातीत शोधलं, आणि पुढचे दोन दिवस मुकादमच्या मागं मागं काठी घेऊन जिथं तो बसेल तिथंही शोधलं. काही सापडलं नाही. सोनियाला सांगावं तर ती रडणार. अ‍ॅनाटॉमी शिकवणाऱ्या चिंतामणी सरांना सांगावं तर परीक्षा गेली. घरी सांगावं तर कमलेश त्याच दुपारी कुत्र्याला गाडीत घालणार. तेव्हा तिनं कोणालाही न विचारता हे प्रकरण शास्त्रीय पद्धतीनं सोडवायचं ठरवलं.

वर किती दात होते हा पहिला प्रश्न. तिनं मुकादमचं तोंड उघडून मोजलं. पुढं खाली सहा, वर सहा. म्हणजे जेवढे खाली तेवढेच वर. बैलाला खाली आठ, म्हणून वर आठ. पुस्तक उघडून बघण्याची गरज तिला वाटली नाही. आठला आठ हे गणित पुस्तकात असतंच कशाला? तिनं स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा उचलला, खालच्या आठ दातांचा ठसा घेतला, डोकं ओढणीत गुंडाळलं आणि उल्हासनगर गाठलं.

उल्हासनगरात सगळं मिळतं, आणि जे मिळत नाही ते उद्या मिळतं. तीन नंबर कॅम्पात एका बोळात माणसांच्या कवळ्या बनवणाऱ्या सनीभाईंचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर हसणारे शंभरएक जबडे. सनीभाईंनी कणकेचा ठसा दिव्याखाली धरला. ते चाळीस वर्षं हा धंदा करत होते आणि कशाचंच नवल न वाटून घेण्याइतके पोचलेले होते.

"पेशंट की उमर?"

"माहीत नाही."

"साथ में लाए हो?"

जिज्ञासानं ओढणी सोडली. सनीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, आणि शांतपणे म्हणाले, "बैल है."

"हो."

"खाता क्या था?"

"घास. कडबा."

"व्हेजिटेरियन," सनीभाई समाधानानं म्हणाले. "फिर एकदम सफेद नहीं जमेगा, बेटी. थोडा पिवळा शेड देंगे. नॅचरल दिसला पाहिजे. फिटिंग की गॅरंटी अपनी, लेकिन इसको कडक चीज मत खिलाना."

त्यांनी काम फारच छान केलं. जबड्याचं कुरतडलेलं टोक प्लास्टरनं भरून काढलं, त्यात आठ पिवळसर दात रांगेत बसवले, प्रत्येकाच्या मुळाशी गुलाबी हिरडीची किंचित छटा ठेवली, आणि धंद्याच्या अभिमानापोटी अख्खं डोकं मशीनवर पॉलिश करून दिलं. बैल जिवंतपणी कधी एवढा रुबाबदार दिसला नसेल. मुळात बैल हसताना कोणी पाहिलाय? हा हसत होता.

परीक्षेच्या सकाळी जिज्ञासानं पेटी विभागात जमा केली. तोंडी परीक्षेला विदर्भातून एक बाहेरचे परीक्षक आले होते, उंच, शांत आणि अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले. टेबलावर मांडायला त्यांना स्वच्छ डोकं हवं होतं. विभागातल्या शिपायानं सगळ्या पेट्या बघितल्या आणि त्यातलं सगळ्यात चकचकीत उचललं.

सोनियाचा नंबर आधी लागला. ती टेबलाकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत उत्तरं देत होती, कारण हाडं बघितली की तिला मळमळे.

"बैलाला वरच्या जबड्यात पुढचे कापणारे दात किती?" परीक्षकांनी नेहमीचा सोपा प्रश्न टाकला.

"एकही नाही, सर. त्या जागी कडक गादी असते. पान एकशे बारा."

"शाब्बास," असं म्हणत परीक्षकांनी दाखवण्यासाठी डोकं उचललं, आणि बैल त्यांच्याकडे बघून हसला.

परीक्षकांनी डोकं खाली ठेवलं. पाणी प्यायले. सोनियाला जायला सांगितलं आणि चिंतामणी सरांकडे वळले.  सर वही चाळून ही पेटी कोणाची हे बघत होते.

जिज्ञासा आत आली.

"हे डोकं तुमच्या पेटीतलं?"

"हो, सर."

"याला वर दात आहेत."

"हो सर. आठ." उत्तर येत असल्याचा तिला आनंद झाला.

"मी अठ्ठावीस वर्षं या धंद्यात आहे," परीक्षक हळू आवाजात म्हणाले. "वरचे दात असलेला बैल मी आज पहिल्यांदा बघतोय."

"बाकीच्यांचे पडत असतील, सर," जिज्ञासानं त्यांची समजूत घातली.

चिंतामणी सरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी कडेचा एक दात चिमटीत धरला आणि हलकेच ओढला. तो निघून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उजेडात धरला.

"हा कशाचा आहे?"

"अ‍ॅक्रिलिकचा, सर."

"कोणी बसवला?"

"उल्हासनगरला बसवून घेतला."

"उल्हासनगरला," चिंतामणी सर डोळे मिटूनच म्हणाले.

"आणि मूळचे?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. जिज्ञासाला रडू आलं. "कुत्र्यानं खाल्ले, सर. पण त्याची चूक नाही. मीच पेटीला कुलूप लावलं नव्हतं."

परीक्षक सज्जन माणूस होते. त्यांनी तिला सावरायला आणखी चार प्रश्न विचारले. खांदा, मांडी, मान, मूत्रपिंड. जिज्ञासानं चारही उत्तरं खणखणीत, लॅटिन नावांसकट दिली. चारही कुत्र्याची होती. बैलाचं मूत्रपिंड गुळगुळीत आहे हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कधी गुरं होती का हो?"

"अकरा म्हशी होत्या, सर."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं नाही.

निकाल लागला. बाकी विषय निघाले, अ‍ॅनाटॉमी सहा गुणांनी राहिली. जिज्ञासा घरी आली, ओसरीत बसली आणि दातांसकट सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली. वेणूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हशीला वरती दात? आगो, म्हशीला न बैलाला वरती पुढं दात नसतान! वीस वर्सं मी त्यांच्या तोंडात पेंड घातली. मना इचारायचं ना गो!"

"तू हाडं घरात येऊ दिलीस?"

"हाडं नको म्हनलं, तोंडानं इचारायला कुनी नको म्हनलं व्हतं?"

जयदेव हसायला लागले. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि कमलेशला पाणी आणावं लागलं. "उल्हासनगरच्या शेठनं बैलाला कवळी बसवली," ते डोळे पुसत म्हणत होते, "आन आपल्या पोरीनं बसवून घेतली! मुकादमा, ऐकलास का रे?"

एवढं हसणारा माणूस फार काळ कठोर राहणार नाही, असं जिज्ञासाला वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात एक भली मोठी गोष्ट आली. ती ताडकन उभी राहिली.

"बाबा! वरचे दात नसतातच, म्हणजे मुकादमनं दात खाल्लेच नाहीत!"

"नाय खाल्ले," जयदेवांनी मान्य केलं.

"म्हणजे तो निर्दोष आहे!"

"निर्दोष हाय."

"मग?"

"मग काय?" जयदेव म्हणाले. आता ते हसत नव्हते. "कुत्र्यानं दात खाल्ले तर जाईल असं आपलं ठरलं नव्हतं, बाय. तू नापास झालीस तर जाईल असं ठरलं व्हतं."

जयदेव शब्दाचे पक्के होते. शब्द पाळायची संधी त्यांना कमलेशच्या धंद्यापायी फारशी मिळत नसे, त्यामुळे आलेली ते सोडत नसत. जिज्ञासा तीन दिवस जेवली नाही. वेणूबाई तीन दिवस कमलेशशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी कमलेशनं मागचं दार उघडून मुकादमला गाडीत घेतलं आणि सोनिवलीला आपल्या इमारतीच्या कामावर नेऊन सोडलं. तिथं चाळीस माणसं काम करत होती आणि बघत उभं राहायला कोणी नव्हतं. मुकादम पहिल्याच दिवशी रमला. रविवारी जिज्ञासा भेटायला गेली तेव्हा त्यानं शेपूट हलवली, तिचा हात हुंगला आणि स्लॅबचं काम थांबलं तसा उठून तिकडं गेला.

मग तिनं दोन महिने अंबरनाथ पूर्वेला सोनियाच्या घरी बसून अभ्यास केला. सोनिया वाचायची, ही ऐकायची. घरात मुंगीसुद्धा नव्हती. जिज्ञासाला 'ग्लुटियस मेडियस' म्हणताना अधूनमधून सवयीनं थांबायला व्हायचं. सोनियाला वाटायचं ती अडली, आणि ती पुढचा शब्द सांगायची.

पुरवणी परीक्षेत जिज्ञासा चोपन्न टक्क्यांनी पास झाली. जयदेव स्वतः म्हणाले, "जा, घेऊन ये तुझा कुत्रा." पण त्याच आठवड्यात कॉलेजचं पत्र आलं, दुसऱ्या वर्षापासून तिला हॉस्टेलला खोली मिळाली होती.

हॉस्टेलमध्ये कुत्रा ठेवू देत नाहीत.